गिरणीवरच्या मॅडम

"आधी भांडं सांगा," असं मॅडम म्हणायच्या आन् हातातल्या खडूनं कपाळ खाजवायच्या. त्यामुळं दुपारपर्यंत कपाळावर पांढऱ्या रेघा उमटलेल्या असायच्या आन् कुणी सांगायचं न्हाई. मी तर बिलकुल सांगितलं न्हाई, मला भेव वाटायचं. मला तवा सगळ्याचंच भेव वाटायचं, आताबी वाटतंय, पण तवा जरा जास्तच.

लातूरला आमच्या गल्लीच्या तोंडाला पिठाची गिरणी हाय. गिरणीच्या वर दोन खोल्या, तिथं ह्या मॅडमचा कॉम्प्युटरचा क्लास. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलं थरथरायची आन् शिकणाऱ्या पोरापोरींच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. डॉक्टर व्हायला म्हणून लातुरात आलेली, डॉक्टरकी हुकलेली, आन् आता गावी तोंड कसं दाखवायचं म्हणून कॉम्प्युटरपुढं बसलेली लेकरं ती सगळी. मॅडम त्यांना प्रोग्राम लिहायला शिकवायच्या.

मी नववीतून शाळा सोडलेली, माझं त्या क्लासात काय काम? माझं काम गिरणीत होतं. तेच आधी सांगते, न्हाईतर तुम्ही म्हणाल ही बाई रोज त्या जिन्यात बसून काय करायली.

माझ्या छकुलीला गहू चालत न्हाई. दीड वर्षाची झाली तरी वजन वाढंना, पोट फुगलेलं, हातपाय काड्यासारखे, रोज जुलाब. चार दवाखाने झाले, अंगारे झाले, मंग एका डॉक्टरनं रक्त तपासलं आन् सांगितलं, हिच्या आतड्याला गहू सोसत न्हाई, आन् जन्मभर सोसणार न्हाई. चपाती न्हाई, बिस्कीट न्हाई, रवा न्हाई. ज्वारी खाऊ द्या, पण ज्वारीच्या पिठात गव्हाचं पीठ मिसळलं तर पोरगी पुन्हा आजारी पडंल. मी भीत भीत विचारलं, किती मिसळलं तर? ते म्हणले, गिरणीच्या दगडाला चिकटून राहतंय ना, तेवढं सुदीक नको.

झालं. त्या दिवसापासनं गिरणीचा आवाज ऐकला की मी पोरीला उचलून घरात न्यायची.

मिक्सरमधून दळून बघितलं, भाकरी थापायलाच येईना, आन् मिक्सरबी जळाला. मंग मी रोज सकाळी गिरणी उघडायच्या आत डबा घेऊन हजर. गिरणीवाले मामा माणूस चांगला, दगड झटकून द्यायचे, माझी ज्वारी पहिली टाकायचे. पण त्यांच्याबी ध्यानात राहायला पाहिजे ना. कुणी एखादी घाईची बाई आली, "मामा, डब्याची चपाती करायची हाय" म्हणली, की मामा तिचा गहू आधी ओतायचे आन् मंग माझ्याकडं बघून जीभ चावायचे. मंग मी डबा उचलून तशीच घरी, त्या दिवशी पोरीला नुस्ता भात.

आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना हे पटायचं न्हाई. "गव्हानं कुठं लेकरू आजारी पडतंय? आमाला लहानपणी गहू बघायलाबी मिळत न्हवता, तर आमी काय डॉक्टर झालो?" असं म्हणायच्या. त्याचा अर्थ मला आजून लागलेला न्हाई.

तर मी डब्यावर डोळा ठेवून बसायची. गिरणीत पीठ उडतंय म्हणून आत न्हाई, बाहेर जिन्यात, पोरीच्या तोंडावर पदर धरून. आन् जिन्यात बसलं की वरचं सगळं ऐकू यायचं.

मॅडमचं शिकवणं म्हणजे पुस्तक कमी आन् सैपाकघर जास्त. "तुमच्याकडं माल काय हाय ते नंतर सांगा. ठेवणार कशात, ते आधी सांगा. दुरडीत तेल ओतलं तर चूक तेलाची का दुरडीची?"

पोरं म्हणायची, दुरडीची.

"ओतणाऱ्याची," मॅडम म्हणायच्या. "लिहा. भांडं चुकलं की सगळं चुकलं."

क्लासाच्या भिंतीला अंड्याचा ट्रे टांगलेला. मॅडम उदगीरच्या, लिंगायत, गळ्यात लिंग, अंडं कधी घरात आलेलं न्हाई, पण तो ट्रे कुण्या अंडेवाल्याकडनं मागून आणला होता आन् त्याच्या खाचांत खडू ठेवलेले. "हे बघा, प्रत्येक खाचेला नंबर. पाचव्या खाचेतला खडू काढायला पहिल्या चारांना हात लावायची गरज न्हाई," असं शिकवायच्या. हळदीकुंकवाचंबी सांगायच्या, एकच बाई दोनदा आत शिरली तरी वाण एकदाच, तसं एक भांडं असतंय म्हणं, त्यात तीच वस्तू दुसऱ्यांदा जातच न्हाई. मला ते लई आवडलं होतं. आमच्या गल्लीत असं भांडं पाहिजे होतं.

एके दिवशी वरून आवाज आला, असं भांडं सांगा की जे शेवटी ठेवलं ते आधी बाहेर निघतंय. पोरं वह्या चाळायला लागली. त्यांना त्याचं इंग्रजी नाव पाठ होतं, पण मॅडमना नाव नको होतं, भांडं पाहिजे होतं. मी पोरीला मांडीवर हलवत होते, आन् माझ्या तोंडातून निघून गेलं, भाकरीची दुरडी.

वर खुर्ची सरकली. मंग मॅडमची पावलं. "कोण बोललं?"

मी पोरीला घेऊन उभी राहिले. म्हणलं, "मी न्हाई, पोरगी बोलली."

"पोरगी केवढी हाय?"

"दीड वर्षाची."

"मंग तिला वर पाठव," मॅडम म्हणल्या, "आन् संग तूबी ये."

मला उभं करून सगळं वदवून घेतलं. मी खाली मान घालून सांगितलं, शेवटची गरम भाकरी वर पडती, तीच आधी उचलली जाती, आन् पहिली केलेली तळाला, गार, ती शेवटी सुनंला. एक पोरगी लिहून घेत होती, ती लिहिता लिहिता थांबली. मॅडम म्हणल्या, "लिही, लिही. 'सुनंला' सुदीक लिही."

आता तुम्हाला वाटंल बाई लई टापटिपीची असंल. तर न्हाई. दुसऱ्याचा सगळा पसारा नीट लावणार, भाजीवाल्याची जुडी उलटीसुलटी लावलेली दिसली की थांबणार, लग्नात वाढप्याला थांबवून सांगणार की चटणीची बादली पुढं घे, भाताची मागं. आन् स्वतःची पर्स? रोज सकाळी क्लासाची किल्ली सापडायची न्हाई. पायरीवर बसून पर्स पालथी करायच्या. निलंग्याचं जुनं बसचं तिकीट, अर्धा लाडू, दोन चष्मे, इलायची, कुणाचीतरी लग्नपत्रिका, सगळं निघायचं, किल्ली न्हाई. मंग स्वतःलाच "साकु, साकु" म्हणायच्या, कानडीत बास म्हणायचं तर तसं म्हणतात. त्यांच्या घरी कानडी, चिडल्या की बाहेर यायची. किल्ली बहुतेक कुलपालाच लटकलेली असायची, रातची तशीच राहिलेली.

अशाच एका सकाळी किल्ली शोधता शोधता मला विचारलं, तू रोज इथं का बसतीस. मी एका दमात सगळं सांगितलं, गहू, आतडं, दगड, मामा, आत्या, जळालेला मिक्सर. मला वाटलं हसतील. त्यांनी पर्स बाजूला ठेवली.

"डॉक्टर पोटाचं बघतील," त्या म्हणल्या. "तुझा सवाल रांगेचा हाय. रांगेचं मी बघते."

आमच्या गिरणीत माणसं रांगेत उभी राहात न्हाईत, डबे राहतात. बाई डबा ठेवून घरी जाती, डबा तिच्या जागी उभा. मॅडम पोरांना खाली आणायच्या आन् म्हणायच्या, "खरी रांग बघायची तर माणसांची बघू नका, माणूस मधी घुसतंय. डबा घुसत न्हाई." पण मामा काही एका रांगेनं दळायचे न्हाईत, गहू सगळे एकदम, ज्वारी सगळी एकदम, डाळ शेवटी. म्हणजे एक रांग दिसती पण आत तीन रांगा हायत, आन् त्या सगळ्याच्या आधी माझ्या पोरीची ज्वारी. हे सगळं मामांच्या डोक्यात. मॅडमनी ठरवलं की ते डोक्यातनं काढून कॉम्प्युटरात घालायचं, क्लासाचा मोठा अभ्यास म्हणून.

मामांना राग आला. पंचवीस वर्षं डोक्यात ठेवलंय म्हणले.

"मागल्या महिन्यात तुमाला ताप आला, तवा गिरणीवर तुमचा भाऊ बसला होता," मॅडम म्हणल्या. "ह्या लेकराला चार दिस भात खावा लागला. तुमचं डोकं चांगलं हाय मामा, पण ते तुमच्यासंग आजारी पडतंय."

मामांनी पुढचा डबा ओढला. मंग मॅडमनी विचारलं, एवढ्या डब्यांतून कुणाचा कोणता ते कसं ओळखता? मामा दाण्यात हात घालत म्हणले, नाव असतंय की डब्यावर.

बस, इथंच घात झाला, पण तवा कुणाला कळलं न्हाई. मलाबी न्हाई, आन् मला तर कळायला पाहिजे होतं, कारण माझ्या डब्यावर कुणाचं नाव हाय ते मी रोज घासताना बघत होते.

आठ दिवसांनी वरचा एक जुना कॉम्प्युटर खाली आला, टेबलावर बसला, त्याला हार घातला, नारळ फोडला. दिवाळीच्या आधीचे दिवस, गिरणीला गर्दी. एक पोरगी डब्यावरचं नाव वाचून लिहून घ्यायची, दुसरी धान्य विचारायची, आन् सगळे डबे लिहून झाले की पडद्यावर कुणाचं कधी दळायचं ते दिसायचं. मॅडमनी मामांना बजावलं, आज तुम्ही डोकं लावायचं न्हाई, पडद्यावर येईल तसंच दळायचं. मामा म्हणले, बरं बाई.

माझा डबा सगळ्यात पहिला लिहिला. ज्वारी, पहिली पाळी, लेकराची. मी डोळ्यानं बघितलं. तरीबी मी जिन्यात जाऊन बसले, सवय. मॅडम आल्या आन् म्हणल्या, "घरी जा. झोप जरा. तुझा डबा आता पडदा सांभाळंल."

पाच महिन्यांत मी गिरणी सोडून कधी घरी गेले न्हवते. त्या दिवशी गेले. पोरीला कुशीत घेतलं आन् मला अशी झोप लागली, अशी झोप लागली, की आत्या जाऊन डबा घेऊन आल्या ते सुदीक कळलं न्हाई. उठले तर पीठ घरात. गरम होतं. मी पाणी ओतलं, मळलं, तवा ठेवला.

तिकडं गिरणीत काय झालं ते मला नंतर मामांनी सांगितलं. गल्लीतली शांताकाकू आपला गहू न्यायला आली तर दळलेलाच न्हवता. पडद्यावर सगळं दळून झालं म्हणून दाखवत होतं, आन् खाली पाच डबे भरलेले. काकू ओरडायला लागली, मंग बाकीच्याबी. मॅडम खाली आल्या. पडद्यावरची नावं मोजली, खालचे डबे मोजले, मेळ बसंना. मंग खाली बसल्या आन् चष्मा लावून एकेका डब्यावरचं नाव वाचलं.

सप्रेम भेट, आप्पा. दुसरा डबा. सप्रेम भेट, आप्पा. तिसरा. सप्रेम भेट, आप्पा.

तुमच्या घरातबी बघा, डब्यावर नाव कुणाचं असतंय? ज्यानं लग्नात दिला त्याचं. आमच्या भागातले पुढारी आप्पा, त्यांनी सामुदायिक लग्नं लावली, प्रत्येक नवरीला एक स्टीलचा डबा दिला, आन् डब्यावर स्वतःचं नाव. आमच्या गल्लीत आम्ही सातजणी त्या मांडवातल्या. सात डबे, सात घरं, आन् सातांवर एकच माणूस.

कॉम्प्युटरला काय ठाऊक? त्याच्यालेखी एक नाव म्हणजे एक डबा. माझा पहिला आला, त्यानं लिहिलं, आप्पा, ज्वारी, पहिली पाळी. मागनं शांताकाकूचा आला, तोबी आप्पा. कॉम्प्युटर म्हणला, आप्पाचं मन बदललं वाटतं, ज्वारी नको, गहू म्हणतेत. जुनं पुसलं, नवं लिहिलं. असं सहा वेळा पुसलं. शेवटी पडद्यावर एकच आप्पा उरला आन् त्याचं धान्य गहू.

मॅडमनी मामांना विचारलं, छकुलीची ज्वारी कधी दळली?

मामा म्हणले, "ती पडद्यावर आलीच न्हाई. तिची आजी येऊन बसली, ओरडायला लागली, म्हणून गव्हाच्या मागं टाकून दिली. तुम्हीच म्हणला होता डोकं लावू नका."

मॅडम पळाल्या. चप्पल गिरणीत राहिली, खडू हातात तसाच. त्यांना माझं घर ठाऊक न्हवतं, माझं नावबी ठाऊक न्हवतं. गल्लीच्या तोंडापासनंच ओरडत आल्या, "छकुलीची आई, भाकरी देऊ नको, पीठ चांगलं न्हाई!"

आता अशी हाळी गल्लीतून गेल्यावर काय होतंय ते तुम्हाला सांगायला नको. जेवणाची वेळ, जो तो ताटावर. पहिल्या घरी म्हणले पिठात पाल पडली. चार घरं पुढं त्याचा साप झाला. तिघीजणींनी भाकऱ्या म्हशीला टाकल्या, एक आजोबा तोंडात घास धरून ओट्यावर उभे, गिळावा का थुंकावा कळंना. मागनं सगळी पोरं, त्यामागं बायका, आन् पुढं अनवाणी मॅडम, कपाळावर पांढऱ्या रेघा.

त्या दारात आल्या तवा छकुलीच्या तोंडात तुकडा होता. मॅडमनी मला काही विचारलं न्हाई. सरळ आत आल्या, पोरीचा जबडा धरला, बोट घातलं, पोरीनं कडकडून चावलं, मॅडम "साकु, साकु" करायल्या पण बोट काढलं न्हाई, तुकडा घेऊनच बाहेर काढलं.

आत्या चुलीपासनं उठल्या. "कोण ही बाई? लेकराच्या तोंडचा घास काढून घ्यायली."

"कितवा घास?" मॅडमनी मला विचारलं.

मी म्हणलं, "पहिला. गरम होता. फुंकून फुंकून दिला."

"गिळला काही?"

"न्हाई म्हाईत."

मॅडम खाली बसल्या, आमच्या परातीशेजारी, भिताडाला पाठ लावून. धापा टाकत होत्या. त्यांच्या बोटातनं रगत येत होतं आन् पोरगी त्यांच्याकडं असं बघत होती जसं काही घास काढणाऱ्या बाया रोजच घरात येतात. मंग मॅडमनी तो ओला तुकडा तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला, चारी कडा बघितल्या, जसं काही त्याला इचारायलेत की तुझ्यातलं कमी किती झालं.

पुढचे दोन दिवस मी झोपले न्हाई. मॅडम सकाळ-संध्याकाळ यायच्या आन् दारातूनच मोठ्यानं विचारायच्या, "आज किती वेळा?" गल्लीला सगळं कळायचं. दुसऱ्या दिवशी शांताकाकूच मला म्हणली, दोनदाच गेली ना आज, चांगलं हाय मंग. तिसऱ्या दिवशी पोरगी खेळायला लागली, वाटी आपटायला लागली. मॅडमनी दारात ऐकलं, आत आल्या न्हाईत, तशाच माघारी गेल्या.

आत्यांनी त्या दिवशी माझ्या पोरीची परात वेगळी काढली, उलथनं वेगळं, तवा वेगळा. मी काही म्हणले न्हवते. म्हणल्या, एवढी शिकलेली बाई अनवाणी पळत आली, म्हणजे काहीतरी असंल त्यात.

पोरगी खेळायला लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी क्लासात त्या डब्यांवर बोलणं झालं. मी जिन्यातच होते. एक पोरगा म्हणला, मॅडम, आपला प्रोग्राम बरोबर होता, बायांनीच डब्यावर स्वतःचं नाव घालायला पाहिजे.

मॅडम म्हणल्या, "माझं लग्न झालं न्हाई. माझी भांडी मी घेतली, त्याच्यावर नाव मी घातलं, माझं. मला वाटलं सगळ्यांचं तसंच असंल. मी भांडं सांगा, भांडं सांगा म्हणत फिरले आन् खरं भांडं हातात घेऊन बघितलं न्हाई. चूक माझी हाय. लिहा."

पोरांनी ते लिहिलं का न्हाई मला ठाऊक न्हाई.

मंग दुरुस्ती. मॅडमनी ठरवलं प्रत्येक डब्याला एकच, दुसऱ्या कुणाचा नसंल असा नंबर रंगवायचा. झालं, गल्लीत भांडणं. सगळ्यांना एक नंबर पाहिजे. मॅडम घसा कोरडा होईपर्यंत सांगत होत्या की हा नंबर रांगेतला न्हाई, ही नुस्ती ओळख हाय, चौदा नंबरवाली पहिली आली तर तिचंच पहिलं. कुणी ऐकंना. शांताकाकू म्हणली, मंग चौदा तुम्ही घ्या. सगळ्यात जोरात आमच्या आत्याच भांडल्या, आमची नात आजारी, आमालाच एक.

शेवटी मॅडमनी नंबर पुसले आन् चित्रं काढली. पोपट, छत्री, कात्री, चांद, पतंग. चित्रात पहिलं-दुसरं कुणी न्हाई. तरी कात्री कुणी घेईना, घरात भांडणं लागतात म्हणं. पोपटासाठी दोघी अडून बसल्या. मी मागं उभी होते, मला मागायचं भेव वाटलं, म्हणून शेवटी जे उरलं ते माझ्या डब्यावर आलं, बेडूक. लाल रंगाचा. मॅडमना बेडूक काही जमला न्हाई, तो बटाट्याला पाय फुटल्यासारखा दिसायचा. पण दुसरा तसा बटाटा सगळ्या लातुरात न्हवता.

त्यानंतर एकदाबी चुकलं न्हाई. वर्षभर. पोरीचं वजन वाढलं, गालाला खळी पडती हे मला तवा पहिल्यांदा कळलं.

मंग क्लास बंद झाला. लेकरं फोनवरच शिकायला लागली म्हणं, कुणी येईना. मॅडमना नांदेडला कुठंतरी शिकवायचं काम मिळालं. जाताना मला एका कागदावर पत्ता लिहून दिला, आन् तो पर्समधी ठेवू नको, पर्समधलं सापडत न्हाई, डब्याच्या झाकणात चिकटव म्हणल्या. तसा चिकटवला.

दीड वर्ष गेलं. आमच्या ह्यांना नांदेडला गाडीवर काम लागलं. ते म्हणले, चल. आत्या म्हणल्या, जा. मी म्हणले, गिरणी? तिथं कोण मामा हाय, कोण ऐकणार हाय माझं? हे वैतागले. म्हणले, खोली त्या तुझ्या मॅडमच्याच गल्लीत बघतो, एक आठवडा राहा, न्हाई जमलं तर पोरीला घेऊन लातूरला माघारी जा, मी एकटा राहतो. म्हणजे माझ्या पोरीला बाप राहणार का न्हाई, ते एका गिरणीवर आलं. पेटीतली भांडी मी बाहेरच काढली न्हाईत, माघारी जायला सोपं.

पहिल्याच सकाळी ज्वारीचा डबा घेऊन मॅडमचं घर शोधलं. घरमालकीण म्हणली, त्या तर दोन महिने झाले, देगलूरच्या कॉलेजात गेल्या. किल्ली दाराला तशीच लटकवून गेल्या होत्या. मी तिथंच पायरीवर बसले. मला वाटलं आता संध्याकाळची बस.

पण पोरगी भुकेली होती. कोपऱ्यावर गिरणी दिसली, अनोळखी, गिरणीवाला दादा मोठ्या मिशांचा, कपाळाला आठ्या. मी बाहेरच उभी राहिले. कसं विचारू, काय विचारू, आन् हसला तर? शेवटी पोरीला घट्ट धरलं आन् एका दमात बोलून टाकलं, दादा, आज गहू टाकला का आजून, माझी ज्वारी हाय, लेकराला गहू चालत न्हाई, दगड झटकून पहिली दळून देता का, न्हाई म्हणलात तरी चालंल.

त्यानं माझ्याकडं न्हाई, पोरीकडं बघितलं. 

म्हणला, "इथं एक मॅडम राहायच्या. रोज सकाळी मी शटर उघडायच्या आत इथं येऊन उभ्या. म्हणायच्या, पहिली पाळी ज्यांना गहू चालत न्हाई त्यांची. मी म्हणलं, मॅडम, अख्ख्या गल्लीत असं लेकरू न्हाई. म्हणायच्या, आज न्हाई, उद्या येईल, तवा तिच्या आईला विचारायचं भेव वाटंल, म्हणून जागा आधी करून ठेवा."

त्यानं खाली बोट दाखवलं. फरशीवर खडूनं एक चौकट आखलेली, सगळ्यात पुढं. चौकट रोज नवी काढत असावा, कडा ताज्या होत्या. तिच्यात एक डबा होता.

"तो माझ्या घरचा," दादा म्हणला. "ज्वारीच हाय. जागा रिकामी दिसली की बाया गहू ठेवतेत, म्हणून मीच रोज ठेवतो."

मंग त्यानं तो डबा दोन्ही हातांनी उचलून बाजूला केला, दगड झटकायचा ब्रश घेतला, आन् गिरणीकडं वळता वळता म्हणला, "ठेवा."

मी ठेवला. पोरीला कडेवर घेऊन तिथंच उभ्या उभ्या ह्यांना फोन लावला. ते म्हणले, काय झालं, बस किती वाजता हाय? मला रडू येत होतं, ते घाबरले, काय झालं काय झालं म्हणायले.

मी म्हणलं, काही न्हाई झालं. पेटी उघडा, तवा बाहेर काढा.